शकु तायडेचं विरजण

शकु तायडेचे हात आधी सांगते. नखं मुळापर्यंत कापलेली, बोटांची टोकं साबणाच्या पाण्याने कायमची सुरकुतलेली. मनगटात बांगडी नाही, कारण बांगडीखाली पाणी अडकतं आणि त्या पाण्यात काय काय वाढतं ते तिला माहीत. डबा खाण्याआधी ती हात धुवायची आणि डबा खाऊन झाल्यावर त्याहून जास्त वेळ धुवायची. हे हात स्वच्छ नसतात असं एका माणसाने लिहून दिलं आणि ते मी टाइप केलं. त्या माणसाचं पुढे काय झालं ते सांगायला मी बसले आहे. सांगताना मला आनंद होतोय, हेही आधीच सांगून टाकते.

मी रत्नप्रभा. मुलुंड पूर्वेच्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं खर्डेघाशी करते आहे. शकु माझ्यानंतर दोन वर्षांनी लागली, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, अटेंडंट म्हणून. माहेर बुलढाण्याकडचं, सासर मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी. नवरा भीमराज बेकरीत कामाला. बारावी झालेली, पण तेव्हाच्या विभागप्रमुख इरावती मॅडम म्हणायच्या की हिला मी माझ्या एमएस्सीच्या मुलींपेक्षा जास्त शिकवलंय, कारण ही विसरत नाही.

विसरत नाही हे खरं. ते लक्षात ठेवा.

इरावती मॅडमनी मिठागराच्या बाजूच्या डबक्यातून एक शेवाळ आणलं होतं. हिरव्यात निळसर झाक, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक वळलेल्या दोऱ्या. खारट पाण्यात भराभर वाढणारं आणि प्रथिनांनी भरलेलं. मॅडमनी त्याला नाव दिलं म-सात, म्हणजे मिठागरातलं सातवं डबकं. त्याला जगवायचं काम शकुकडे आलं. दर पंधरा दिवसांनी जुन्या चंबूतलं दोन चमचे शेवाळ काढून नव्या चंबूत, नव्या खारट पाण्यात सोडायचं. न सोडलं तर ते आपल्याच गर्दीत मरतं. शकुने हे एकोणीस वर्षं केलं. मे महिन्याची सुट्टी असो, गणपती असोत, तिचा पंधरावा दिवस चुकला नाही.

आणि तिने एक गोष्ट स्वतःच्या डोक्याने केली. आमच्याकडे विरजण संपलं की आपण शेजारणीकडे वाटी घेऊन जातो. आपलं दही नासलं तरी आपलंच विरजण शेजारच्या घरात जिवंत असतं. शकुने म-सातचं तेच केलं. दर खेपेला एक छोटी बाटली घरी न्यायची, खिडकीत ठेवायची, आणि गावाला जायची झाली तर शेजारच्या शेवंतीकडे सोपवायची. हे मॅडमच्या परवानगीने होतं. पण मॅडम निवृत्त होऊन सांताक्रूझला लेकीकडे राहायला गेल्या आणि त्यांच्यानंतर आलेल्यांना हे कुणी सांगितलं नाही. विचारलंही कुणी नाही.

शेवंतीने एकदा घोळ घातला होता. बाटलीला तडा गेला म्हणून तिने शेवाळ तांब्याच्या लोटीत ओतलं. शकु चार दिवसांनी परतली तर लोटीत पांढुरका गाळ. शेवंती म्हणाली, "तांब्यातला पाणी बरा असता गो, म्हणान घातलंय." शकु भांडली नाही. तिने वाकून वास घेतला. वास नव्हता. दुसऱ्या दिवशी सांताक्रूझला फोन करून तिने मॅडमना विचारलं तेव्हा मॅडमनी समजावलं, की चिमूटभर तांबं, चिमूटभर जस्त शेवाळाला लागतंच, ते त्याचं खाणं असतं, पण जरा जास्त झालं की तेच विष होतं. चांदी तर त्याच्या खाण्यातली नाहीच, ती थोडीशीही चालत नाही. आणि धातू जितका बारीक दळलेला तितका तो जास्त ठिकाणी जाऊन चिकटतो. शकुने हे डोक्यात ठेवलं. नासलेलं शेवाळ घाण मारतं, धातूने मेलेलं शेवाळ वास न मारता पांढरं होतं.

आता सुबोध सर. मॅडमच्या जागी आलेले. इस्त्रीचा शर्ट, परदेशातल्या दोन वर्षांच्या गोष्टी, आणि शकुला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे. वयाने ती त्यांच्यापेक्षा मोठी. त्यांचा प्रकल्प चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा होता. हल्ली ही चांदी मोज्यांत असते, रंगात असते, पाण्याच्या फिल्टरमध्ये असते, आणि तिथून धुऊन ती गटारात आणि खाडीत जाते. तिथल्या शेवाळाचं काय होतं, किती चांदीने ते मरतं, किती चांदीने नुसतं खुरटतं, हे बघायचं. विषय चांगला होता, मी नाही म्हणत नाही. केंद्राचा निधी मिळाला. सरांनी पाच लिटरच्या मोठ्या काचेच्या बाटलीत चांदी तयार केली. चहासारखा रंग होता तिचा. दोन महिने ती बाटली खिडकीशी उभी होती आणि शकुने स्वतःच्या हाताने तिच्यावर चिठ्ठी लावली होती, ‘चांदी. शेवाळासाठी वापरू नये.’

दोन हजार बावीसचा दसरा आला. शकु दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. तीन ते सात ऑक्टोबर रजा, अर्ज माझ्याच हातात दिलेला. ती गेली आणि इकडे खंडेनवमीला प्रयोगशाळेत पूजा झाली. सूक्ष्मदर्शक, तराजू, चंबू सगळं घासूनपुसून मांडलं. मोठी बाटली दिसायला छान, म्हणून सरांनी चांदी दुसरीकडे ओतून ती साबणाने धुतली, चिठ्ठी खरवडून काढली, कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि झेंडूची माळ घातली. फोटो कॉलेजच्या ग्रुपवर आला. मीही त्याला हात जोडलेले पाठवले.

दुसऱ्या दिवशी दसरा. मुहूर्त साधायचा म्हणून सर सुट्टीच्या दिवशी आले आणि त्यांनी स्वतः प्रयोग सुरू केला. खारं पाणी बनवायला तीच बाटली घेतली. पूजा झालेली वस्तू, तिच्यात कसली अशुद्धी असणार. बारा चंबू भरले. सहांत चांदी घालायची होती, सहांत मुळीच नाही, म्हणजे फरक दिसला असता. आणि लगे हात मूळ म-सातलाही त्याच पाण्यात नव्याने सोडलं.

तिसऱ्या दिवशी बाराच्या बारा चंबू पांढरे. मूळ वाणसुद्धा गेला.

शकु आठ तारखेला परत आली. एकेक चंबू उचलून तिने वास घेतला आणि सरांना म्हणाली की यात चांदी गेलीय, बिनचांदीच्यातही गेलीय, बाटली साबणाने निघत नाही, तिला आम्लाने धुवावं लागतं. सरांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू खुर्चीच बोलायला लागली आहे. पुढच्या महिन्यात निधी देणाऱ्यांना अहवाल जायचा होता. त्यात काय लिहायचं? की मी मुहूर्त साधायला गेलो आणि एकोणीस वर्षांचा वाण मारला?

त्यांनी लिहिलं: ‘प्रयोगशाळेतील अटेंडंटचे हात स्वच्छ नसल्यामुळे सर्व संवर्धने दूषित झाली व मूळ वाण नष्ट झाला.’ खाली एक ओळ जोडली, की खारं पाणी अटेंडंटने रजेवर जाण्यापूर्वीच बनवून ठेवलं होतं. कागद माझ्या टेबलावर आला. मी वाचला. तिचा रजेचा अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये होता. तिने जाण्याआधी चंबू, पाणी, काही म्हणता काही बनवलं नव्हतं, हे मला माहीत होतं, कारण दोन तारखेला रविवार होता आणि एक तारखेला ती दिवसभर माझ्याबरोबर परीक्षेचे गठ्ठे बांधत होती. तरी मी टाइप केलं. सर मागे उभे होते, मला पाच वाजून चाळीस मिनिटांनी निघायचं होतं, आणि ऑफिसातल्या बायकांना असल्या वाक्यांची सवय असते. ही माझी कारणं. एकही धड नाही.

‘हात स्वच्छ नसतात.’ तायडे आडनावाच्या बाईबद्दल हे वाक्य लिहिलं की पुढे कुणी पुरावा मागत नाही. कुणी मान हलवत नाही, कुणी हसत नाही, नुसतं पुढचं पान उलटतात. शकुला मेमो मिळाला. प्रयोगशाळा सहायक म्हणून बढतीची तिची फाइल होती, ती बंद झाली. तिला तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं. तिने ते वाक्य माझ्या टेबलासमोर उभं राहून वाचलं, दोनदा, आणि विचारलं, "हे तू टाइप केलंस?"

मी हो म्हटलं. त्या दिवसापासून तिने माझ्या हातचा चहा घेतला नाही.

पण दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली, कडेवर मूल घ्यावं तशी ती मोठी बाटली घेऊन. स्वस्तिक तसंच होतं. तळाला बारीक तपकिरी थर चिकटलेला. तिने मला सांगितलं की परीक्षेच्या गठ्ठ्यासारखी ही बांध. मी बांधली. कापडात गुंडाळली, सुतळी बांधली, गाठीवर लाख ओतून कॉलेजचा शिक्का मारला, तारीख घातली आणि परीक्षा विभागाच्या प्रमुखांची सही घेतली. ते दिवसाला चाळीस गठ्ठ्यांवर सह्या करतात, वर बघतही नाहीत. बाटली रेकॉर्ड रूममध्ये जुन्या उत्तरपत्रिकांच्या मागे गेली. शकु तिच्यासमोर सव्वादोन वर्षं बसली.

मला वाटायचं ती विसरेल. मूर्ख मी.

या सव्वादोन वर्षांत सरांचं बरं चाललं होतं. दुसरं कुठलंसं शेवाळ आणून त्यांनी निबंध लिहिले, ते विभागप्रमुख झाले, उपप्राचार्य होणार अशी कुजबुज होती. पण प्रकल्पाचा दुसरा टप्पा मंजूर करायला बाहेरून समिती येणार होती आणि समितीचं म्हणणं होतं की आधीचे सगळे आकडे म-सातवर अवलंबून आहेत, तो वाण कुठे जिवंत असेल तर शोधा, नाहीतर टप्पा बंद. सरांनी इरावती मॅडमना विचारलं, त्या ‘माझ्याकडे नाही’ एवढंच म्हणाल्या, शकुच्या खिडकीचं नाव त्यांनी काढलं नाही; दोन विद्यापीठांना विचारलं. कुठेच नव्हता. त्यांचा चेहरा उतरलेला मी रोज बघत होते आणि मला बरं वाटत होतं.

मग एका दुपारी शकु माझ्या टेबलाशी आली. सव्वादोन वर्षांत तिने स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य.

"सरांना सांग, शकुच्या खिडकीत म-सात आहे. तुझ्या तोंडून चुकून निघालं असं सांग."

चुकून निघायला मला अर्धा तास लागला. सर जिन्यावरून खाली जाताना मी बघितलं. रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी तोवर पाऊल टाकलं नव्हतं. मीही फाइल घेण्याचं निमित्त करून मागोमाग गेले. नाक मुठीत धरून म्हणतात ते काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. शकुची शकुताई झाली, तूचं तुम्ही झालं. तुम्ही कॉलेजवर केवढे उपकार केलेत, म्हणाले. बढतीची फाइल उद्याच उघडतो, म्हणाले. झालं गेलं विसरून जाऊ, हेही म्हणाले, जणू विसरणं त्यांच्या खिशात होतं.

शकु उठली नाही. ती म्हणाली की वाण देते. पण समितीसमोर चंबू तिचे तीच भरणार. "आणि बाटली धुवायची ती तुम्ही धुवा, सर. माझे हात स्वच्छ नसतात ना."

सर हसले. त्यांना वाटलं बाई रुसलीय, एवढ्यावर भागतंय. लगेच कबूल झाले.

जानेवारीतल्या एका सोमवारी समिती आली. तिघे जण, प्रमुख ऋता मॅडम, कमी बोलणाऱ्या. शकु खिडकीतली बाटली घेऊन आली. उन्हात धरली तेव्हा निळं-हिरवं असं दाट, की पलीकडचं काही दिसेना. ऋता मॅडमनी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन पाहिला, मूळ चित्राशी ताडून पाहिला, आणि मान डोलावली. मग शकुने टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या. एक कोरी, खोक्यातून काढलेली. दुसरी कापडात, सुतळीत, लाखेच्या शिक्क्यात. तारीख, सही, सगळं तिने ऋता मॅडमना वाचायला दिलं. मग सुरीने सुतळी कापली.

स्वस्तिक फिकं झालं होतं, पण होतं. सरांनी ते ओळखलं. मी दारातच उभी होते. दुसरी बाटली आणा, ते म्हणाले, ही जुनी आहे. ऋता मॅडमनी विचारलं की जुनी असली तर काय झालं, धुऊन घेऊ. शकु म्हणाली, मॅडम, दोन हजार बावीसच्या दसऱ्याला खारं पाणी याच बाटलीत बनवलं होतं, सरांच्या वहीत ‘मोठी बाटली’ असं लिहिलंय, तेव्हा आपल्याकडे मोठी एकच होती. वही समितीसमोरच होती. मॅडमनी पान काढून वाचलं.

सर बेसिनशी गेले आणि बाटली धुऊ लागले. आठ माणसं बघत होती. त्या वेळी त्यांना एवढंच म्हणायचं होतं, की हिच्यात चांदी होती, हिला आम्लाने धुवावं लागेल. म्हटलं असतं तर बाटली स्वच्छ निघाली असती आणि ते तिथेच पकडले गेले असते. न म्हणता धुतली तर चार दिवसांनी पकडले जायचे. ते साबण लावत राहिले. शकु शेजारी हात मागे बांधून उभी होती.

"अजून एकदा धुवा, सर. तुमचं समाधान होईपर्यंत."

त्यांनी चार वेळा धुतली. बाहेरून स्वस्तिक गेलं, तळाचा थर तसाच राहिला. मग ऋता मॅडमनी स्वतः मीठ-सोडा-क्षार तोलून दोन्ही बाटल्यांत सारखं खारं पाणी केलं आणि एक रात्र मुरू दिलं. दुसऱ्या दिवशी शकुने चार चंबू भरले, दोन या पाण्याचे, दोन त्या पाण्याचे. सगळे एकाच उजेडात ठेवले, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली मॅडम घेऊन गेल्या.

शनिवारी कुलूप उघडलं. नव्या बाटलीचे दोन चंबू हिरवेगार. जुन्या बाटलीचे दोन पांढरे, तळाला गाळ. शकुने पांढरे चंबू सगळ्यांच्या नाकाखाली धरले, शेवटी सरांच्याही. वास नाही. घाणेरड्या हातांनी मेलं असतं तर घाण आली असती, एवढंच ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळून रजेचा अर्ज मागितला. तो मी सकाळपासून पदरात धरून होते. मी समितीला एक तारखेच्या गठ्ठ्यांचंही सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी.

ऋता मॅडमनी सरांना विचारलं की या बाटलीत आधी काय होतं.

"चांदी," सर म्हणाले.

दुसरा टप्पा बंद झाला. उपप्राचार्यपद गेलं. अहवालातलं ते वाक्य रद्द होऊन त्या जागी नवीन वाक्य आलं, तेही मीच टाइप केलं, आणि शकुच्या अटीप्रमाणे प्राचार्यांनी ते स्टाफ मीटिंगमध्ये मोठ्याने वाचलं. त्यात सुबोध सरांचं नाव, दसऱ्याची तारीख आणि ‘साबणाने धुतलेली बाटली’ हे शब्द होते. सरांची बदली करू का, असं प्राचार्यांनी शकुला हळूच विचारलं. ती नको म्हणाली. इथेच राहू दे, रोज दिसू दे.

ती प्रयोगशाळेत परतली, सहायक म्हणून. पहिल्या आठवड्यात तिने साठ छोट्या बाटल्या मांडल्या आणि म-सातचं विरजण वाटलं. एमएस्सीची मुलं, बीएस्सीची मुलं, शिपाई, कँटीनवाला, सांताक्रूझला इरावती मॅडम, शेवंतीला काचेची जाड बाटली. आता तो वाण कुणाच्या एका चुकीने मरणार नाही. सुबोध सरांना दिला नाही. त्याच्यावाचून जुन्या आकड्यांवरचा त्यांचा एकही निबंध पुढे सरकत नव्हता.

शेवटी ते आले. पाच वाजले होते, मी हजेरीचं रजिस्टर घेऊन तिथेच होते. एक बाटली मिळेल का, असं त्यांनी विचारलं, अगदी खालच्या आवाजात. शकुने फळीवरची शेवटची बाटली उतरवली, पुसली आणि पुढे केली. सरांनी हात पुढे केला. तिने बाटली मागे घेतली.

"आधी हात धुऊन या, सर."

ते बेसिनशी गेले. पाठमोरे, वाकून, साबण लावून. परत आले तेव्हा तिने त्यांच्या दोन्ही हातांकडे, मग नखांकडे पाहिलं आणि म्हणाली, पुन्हा. ते पुन्हा गेले. नळाचा आवाज चालू असतानाच शकुने बाटली पर्समध्ये टाकली, रजिस्टरवर सही केली आणि ती घरी गेली. मी थांबले. सर ओले हात घेऊन परत आले तेव्हाचा त्यांचा चेहरा मला चुकवायचा नव्हता.

त्या साठ बाटल्यांतली एकही माझ्याकडे नाही. चहा ती आता माझ्या हातचा घेते, पण कप घेताना एकदा माझ्या बोटांकडे बघते. विरजण मी अजून मागितलेलं नाही. मागितलं तर ती मला कुठे पाठवेल ते मला ठाऊक आहे.